माउंटन बाइकचं सस्पेन्शन किती तासांनी उघडायचं

सस्पेन्शन एका दिवसात बिघडत नाही. नवा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्क्याला दबणारा भाग, बारीक खड्यांवरूनही मऊ हलतो. तीन-चार महिन्यांनी तोच फोर्क खडे थेट मनगटापर्यंत पोचवायला लागतो. पण हा फरक रोज इतका थोडा वाढतो की चालवणाऱ्याचा हात त्याला सरावतो. म्हणून "बिघडल्यासारखं वाटलं की बघू" हा नियम इथे चालत नाही. तोवर आतली झीज होऊन गेलेली असते.

झीज कुठे होते ते आधी समजून घ्या. फोर्कचे वरचे गुळगुळीत नळ म्हणजे स्टँक्शन. ते खालच्या पायांत, म्हणजे लोअरमध्ये, दोन-दोन बुशिंगवर, म्हणजे आतल्या गुळगुळीत कड्यांवर, सरकतात. ही बुशिंग, सीलखालचा फोमचा रिंग आणि सील ओलं ठेवण्यासाठी प्रत्येक पायात अगदी थोडं तेल असतं. मॉडेलप्रमाणे साधारण ५ ते ४० मिलिलिटर. इतक्या थोड्या तेलात सीलमधून आत आलेली धूळ, पाणी आणि बुशिंगची पूड मिसळत जाते आणि ते तेल हळूहळू घासणारं पाणी बनतं. स्टँक्शनवरचा कडक थर एकदा उडाला की तो सहसा परत चढवता येत नाही. स्टँक्शन वरच्या क्राउनमध्ये (दोन्ही नळ जोडणाऱ्या भागात) दाबून बसवलेले असल्यामुळे एका नळावर चरा पडला तरी क्राउन, स्टिअरर (हँडलकडे जाणारा नळ) आणि दोन्ही स्टँक्शन असा अख्खा वरचा भाग बदलावा लागतो. चार चमचे तेल वेळेवर न बदलण्याची ही किंमत आहे.

तासांचा हिशोब

रॉकशॉक्स ही कंपनी फोर्कच्या लोअरची सर्व्हिस दर ५० तासांनी आणि डँपर (हालचालीचा वेग आवरणारा तेलाचा भाग) व स्प्रिंगसकट पूर्ण सर्व्हिस दर २०० तासांनी सांगते. बऱ्याच जुन्या मॉडेलसाठी हा दुसरा आकडा १०० आहे. मागच्या एअर शॉकसाठीही त्यांचं वेळापत्रक असंच आहे: ५० तासांनी एअर कॅन (हवेचा बाहेरचा डबा), पूर्ण सर्व्हिस त्यानंतर. फॉक्स कंपनीचा पूर्ण सर्व्हिसचा ठरलेला आकडा १२५ तास किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. फोर्क कुठल्याही कंपनीचा असो, लोअरचं तेल ५० ते ६० तासांत बदलावं असं आमचं स्पष्ट मत आहे. काम तासा-दीड तासाचं आहे आणि आत काय चाललंय ते त्यातच दिसतं.

हे तास प्रत्यक्ष चाकं फिरत असलेले. आठवड्याला दीड-दीड तासाच्या दोन फेऱ्या होत असतील तर ५० तास सतरा आठवड्यांत, म्हणजे चार महिन्यांत भरतात. शनिवार-रविवार मिळून चार तास होत असतील तर तीन महिन्यांत. राइड नोंदवणारं ॲप वापरत असाल तर त्यातला "मूव्हिंग टाइम" धरा, थांबलेला वेळ नको.

मग आपल्या परिस्थितीप्रमाणे आकडा खाली आणा. चिखल, ओढे, पिठासारखी बारीक धूळ असेल तर २५ ते ३० तास. फोर्कचे सील पाण्याखाली गेले असतील तर तास न मोजता पहिल्या सवडीला उघडा. मोठ्या उतारांवर सतत उतरणाऱ्याचा एक तास हा सपाट वाटेवरच्या एका तासाइतका नसतो. ई-बाइकचं वजन जास्त, तिथेही आकडा खाली आणा. आणि बाइक वर्षभर नुसती उभी असेल तरीही वर्षातून एकदा लोअर उघडा, कारण फोम सुकतो आणि सील कोरडे पडतात.

आधीच उघडायची वेळ आली हे ओळखताना

राइडनंतर स्टँक्शनवर तेलाची अगदी पुसट रेघ दिसणं चांगलं; सील ओलं असल्याची ती खूण. जाड, काळपट कडं किंवा ओघळ दिसला तर सील गेलं. उलट, बरीच राइड होऊनही स्टँक्शन कोरडा ठक्क असेल तर आत तेल उरलेलं नाही, आणि ही ओघळापेक्षा वाईट बातमी आहे.

पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं सील आणि स्टँक्शनच्या सांध्यावर ठेवा आणि बाइक पुढे-मागे हलवा. खट्-खट् बोटाखाली जाणवली तर बुशिंग सैल आहे. तीच हालचाल हेडसेटच्या (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) खालच्या कडेवर जाणवली तर दोष हेडसेटचा आहे. या दोन्हींत गफलत होते आणि नाहक फोर्क उघडला जातो.

मागच्या शॉकमधून दाबताना-सुटताना "पचक-पचक" असा आवाज येत असेल, किंवा परत येताना सुरुवातीचा थोडा प्रवास तो धरून न ठेवता सटकत असेल, तर डँपरच्या तेलात हवा मिसळली आहे. लांब उतारावर गरम झाल्यावर रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत येणं, एकदम भरभर होऊ लागला तरी दुखणं डँपरचंच. हे लोअर किंवा एअर कॅनच्या सर्व्हिसनं बरं होत नाही.

हवा कमी होते अशी तक्रार करण्याआधी एक गोष्ट तपासा. पंप काढताना येणारा फुस्स आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, आणि पंप पुन्हा लावला की नळी भरायला फोर्कमधलीच हवा जाते. म्हणून दुसऱ्यांदा मोजल्यावर काटा थोडा खाली दिसणारच. एका रात्रीत सॅग, म्हणजे बसल्यावर नुसत्या वजनानं होणारं दबणं, वाढला, तरच गळती समजा.

फोर्कची ५० तासांची सर्व्हिस

सामान: फोर्कच्या मॉडेलसाठी सांगितलेलं लोअरचं तेल, सस्पेन्शनचं ग्रीस, सिरिंज, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं फडकं, लांब प्लॅस्टिकची किंवा लाकडी काडी, रबरी हातोडा, ॲलन की किंवा सॉकेट, टॉर्क रेंच, शॉक पंप, खाली ठेवायला परात आणि तळाच्या बोल्टचे नवे वॉशर. तेल किती आणि कुठलं, हे अंदाजानं ठरवू नका. फोर्कवरचा सीरियल नंबर किंवा मॉडेल कोड पाहून कंपनीच्या तक्त्यातून दोन्ही पायांचे आकडे लिहून घ्या. बरेचदा दोन बाजूंचे आकडे वेगळे असतात. जास्त घातलं तर आतली हवा अधिक दाबली जाते आणि फोर्क शेवटचा ट्रॅव्हल देत नाही, म्हणजे पूर्ण दबत नाही. लोअरचं तेल आणि डँपरचं तेल ही वेगळी असतात, एकाच्या जागी दुसरं वापरू नका.

सध्याची हवा आणि रिबाउंडचे क्लिक लिहून ठेवा. पुढचं चाक काढा, ब्रेकचा कॅलिपर सोडवून दूर बांधा आणि पॅडवर पिशवी घाला. पॅडवर एक थेंब तेल पडलं तरी पॅड टाकून द्यावे लागतात.

आता हवा पूर्ण सोडा. व्हॉल्व्ह हळू दाबा, मध्ये दोन-तीनदा फोर्क खालीवर करा आणि पुन्हा दाबा. ही पायरी चुकली तर पुढे बोल्ट सोडताना भाग अंगावर उडू शकतो.

रिबाउंडची खालची कळ ओढून काढा. तळाचे दोन्ही बोल्ट तीन-चार आटे सैल करा, पण काढू नका. सैल झालेल्या बोल्टच्या डोक्यावर रबरी हातोड्याचा एक सरळ, नेमका घाव घाला. आतला शाफ्ट लोअरमधून सुटल्याचं हाताला कळतं. काही फोर्कमध्ये बोल्टऐवजी नट असतो. तिथे शाफ्टच्या उघड्या टोकावर थेट मारलं तर आटे दबतात, म्हणून नट आट्यांच्या टोकाशी सपाट आणून त्यावर सॉकेट ठेवून मारा. मग परात खाली सरकवून बोल्ट काढा, तेल गळू द्या आणि लोअर दोन्ही हातांनी सरळ खाली ओढा. जोर लागला तरी लोअरवर हातोडा मारू नका.

परातीत पडलेलं तेल फेकायची घाई नको. नुसतं मळकट करडं असेल तर वेळेत उघडलंत. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलं आहे. परात उजेडात तिरकी करा: तेलावर चमकी तरंगताना दिसली तर धातू झिजतोय, स्टँक्शनवरून नख फिरवून चरे शोधा. एका बाजूनं काहीच निघालं नाही तर पुढची सर्व्हिस लवकर करा. आणि डँपरच्या बाजूनं तक्त्यातल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त तेल आलं तर डँपरचं सील गळून त्याचं तेल लोअरमध्ये उतरलंय. मग या सर्व्हिसवर थांबू नका, डँपर उघडून घ्या.

लोअरच्या तोंडाशी सीलखालचे फोमचे रिंग बोथट हुकानं काढा. फडक्यात दाबले की काळं पाणी निघेल. अल्कोहोलनं धुऊन सुकवा आणि नव्या तेलात बुडवून ठेवा. फाटले असतील तर बदला. काडीला फडकं गुंडाळून, अल्कोहोल लावून वरचं आणि खोल असलेलं खालचं अशी दोन्ही बुशिंग पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. इथे स्क्रू-ड्रायव्हर वापरण्याचा मोह होतो. त्याचं एक टोक बुशिंगला लागलं की तिथेच चरा पडतो.

फोम परत बसवताना तो खाचेत सगळीकडे सारखा बसला आहे ना, ते बोट फिरवून पाहा. सीलच्या आतल्या ओठाला ग्रीसचं पातळ बोट लावा. ग्रीसचा थर जाड झाला तर तो फोमच्या तोंडावर बसतो आणि तेल वर येत नाही. बेअरिंगचं घट्ट ग्रीसही इथे नको, त्यानं फोर्क चिकट होतो.

लोअर चढवताना दोन्ही सील एकाच वेळी स्टँक्शनवर आणा आणि किंचित डावी-उजवीकडे डोलवत सरकवा, म्हणजे सीलचा ओठ आत दुमडणार नाही. खालची बुशिंग स्टँक्शनवर चढली की थोडा अडथळा जाणवतो. तिथून जरा पुढे जाऊन थांबा. शाफ्ट अजून तळाला टेकलेले नकोत. बाइक तिरकी करा, तळाची भोकं वर आणा आणि सिरिंज भोकाच्या कडेला तिरपी धरून मोजलेलं तेल सोडा. सरळ धरली तर तेल पोकळ शाफ्टमध्ये जातं. अर्धा मिनिट तसंच ठेवून लोअर पूर्ण बसवा; शाफ्टची टोकं भोकात दिसली पाहिजेत. नवे वॉशर घालून बोल्ट आवळा. रॉकशॉक्सच्या बऱ्याच फोर्कना ७.३ न्यूटन मीटर, फॉक्सच्या नटांना ५.६५ न्यूटन मीटर. हे बोल्ट पोकळ आणि लहान असतात, "अजून थोडं घट्ट" केलं की आटे जातात.

हवा एकदम भरू नका. दर ५० पीएसआयला थांबून फोर्क दहा-पंधरा वेळा थोडा दाबा, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांतला दाब सारखा होतो. एका दमात भरलं तर तो सारखा होत नाही आणि सॅग चुकीचा दिसतो. क्लिक पूर्ववत करा. बाहेरचं तेल अल्कोहोलनं पुसा, हात धुवा आणि मगच कॅलिपर व चाक बसवा.

वरचे सील प्रत्येक ५० तासांना बदलायची गरज नाही. ओठ कडक झाला, फाटला किंवा ओघळ येत असेल तर बदला, नाहीतर पूर्ण सर्व्हिसच्या वेळी. घेताना स्टँक्शनचा व्यास पाहा: ३२, ३४, ३५, ३६, ३८ मिमी असे वेगवेगळे सील येतात, आणि ३५ चं सील ३६ वर जमत नाही.

मागचा शॉक

एअर कॅनची सर्व्हिस घरी जमते, पण इथे इजा होण्याचा धोका खरा आहे. हवा सोडल्यावर शॉक आत ओढला गेला आणि हातानं बाहेर येत नसेल, तर खालच्या कप्प्यात दाब अडकलेला आहे. असा कॅन उघडू नका, आटे संपताच तो गोळीसारखा सुटू शकतो. शॉक तसाच कारागिराकडे द्या. दाब नसेल तर शॉक फ्रेममधून काढा, कॅन हातानं किंवा पट्ट्याच्या पान्यानं सोडवा, सगळं पुसा, मॉडेलच्या किटमधले सील बदला, ग्रीस लावा आणि सांगितलेले काही मिलिलिटर तेल कॅनमध्ये घाला. डँपरमागचा नायट्रोजनचा कप्पा मात्र कधीच घरी उघडू नका. त्यात मोठा दाब असतो आणि तो पुन्हा भरायला वेगळं यंत्र लागतं.

शॉक बाहेर असेपर्यंत मागचा त्रिकोण हातानं वर-खाली करा. खरखर जाणवली तर पिव्हटचं बेअरिंग गेलं. शॉक बसवल्यावर त्याच्या डोळ्यावर (टोकाच्या बोल्टच्या भोकावर) बोट ठेवून सीट जराशी उचला. टक् असं जाणवलं तर डोळ्यातलं बुशिंग झिजलंय. त्यासाठी शॉकला दोष देऊ नका.

दोन सर्व्हिसच्या मधे

प्रत्येक राइडनंतर ओल्या फडक्यानं स्टँक्शन आणि सीलची कड पुसा. जोराच्या पाण्याचा फवारा सीलवर मारू नका आणि गंज सोडवणारा स्प्रे किंवा चेनचा डिग्रीजर तिथे पोचू देऊ नका, तो आतलं ग्रीस धुऊन टाकतो. राइडच्या आदल्या रात्री बाइक उलटी ठेवली तर तेल फोमपर्यंत उतरतं. सरळ केल्यावर ब्रेकची लिव्हर दोन-चार वेळा दाबून घट्ट आहे ना ते पाहा.

तारीख आणि त्या दिवशीचे तास फ्रेमखाली टेपच्या तुकड्यावर लिहून चिकटवा. सर्व्हिसनंतरच्या पहिल्या राइडला स्टँक्शनवर जरा जास्त तेल दिसेल, ते पुसून टाका. तिसऱ्या राइडलाही तेवढंच दिसत असेल तर सीलचा ओठ दुमडलाय किंवा फोम खाचेबाहेर आहे. लोअर पुन्हा काढावा लागेल.