सोनपाठी सुतार: नेमका कुठला, ते कसं ओळखावं

सुतारपक्ष्याची सोनेरी पाठ दिसली की नोंदीत ‘सोनपाठी सुतार’ लिहून मोकळं व्हायची सवय आधी सोडा. सोनेरी पाठीचे सुतार एकाहून जास्त आहेत आणि पाठ सगळ्यांची जवळपास सारखीच. बघायचा तो चेहरा.

गळ्यापासून सुरुवात करा. काळा गळा, त्यावर पांढरे ठिपके, गालावर वेगळी मिशी (चोचीपासून मागे जाणारी काळी रेघ) नाही: हा नेहमीचा, काळ्या कमरेचा सोनपाठी. बागेत, नारळाच्या वाडीत बहुतेक वेळा हाच असतो.

गळा पांढरा आणि मधोमध बारीक काळी रेघ असेल, तर खरी परीक्षा सुरू. दक्षिण सह्याद्रीच्या दाट जंगलात दोघे उमेदवार: मोठा सोनपाठी आणि तीन बोटांचा सोनपाठी. ‘लाल कंबर म्हणजे मोठा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो विसरा. कंबर दोघांचीही लालच, शिवाय पक्षी खोडावर बसला की ती पंखांखाली झाकते. आकाराचंही तेच. एक साधारण ३३ सेंमी, दुसरा २८ ते ३०. एकटा पक्षी समोर असताना हा फरक डोळ्यांना कळत नाही.

मिशी बघा. मोठ्याच्या गालावर दोन काळ्या रेघा फुटून पुढे पुन्हा मिळतात, मध्ये पांढरी लांबट फट राहते. तीन बोटांच्या सोनपाठीची मिशी एकच, सलग. पण पक्षी उजेडाच्या विरुद्ध असला की ही फट बुजते आणि मोठ्याचीही मिशी एकेरी भासते. बहुतेक चुकीच्या नोंदी इथेच होतात. म्हणून निव्वळ मिशीवर निकाल देऊ नका, पक्षी वळेपर्यंत थांबा. मानेची मागची बाजू पांढरी, डोळा फिका, चोच डोक्याइतकी लांब: मोठा. मान मागून काळी, डोळा गडद, चोच आखूड: तीन बोटांचा. मिशीखेरीज यातल्या दोन खुणा तरी जुळायला हव्यात.

मादी असेल तर काम सोपं. मोठ्याच्या काळ्या टोपीवर गोल पांढरे ठिपके, दुसऱ्याच्या टोपीवर बारीक पांढऱ्या रेषा. नेहमीच्या सोनपाठीच्या मादीचा माथा पुढे काळा, मागे लाल.

बोटं मोजायच्या फंदात दुर्बिणीतून पडू नका. ती फोटोतच, तीही नशिबाने दिसतात.

कोरड्या पानगळीच्या जंगलात पाठीवर काळा ‘व्ही’ आणि त्यात पांढरा पट्टा दिसला, तर तो पांढऱ्या मानेचा सुतार. त्याच्या मादीची टोपी पिवळी. चेहरा दिसलाच नाही, तर नोंदीत ‘सोनपाठी, जात अनिश्चित’ एवढंच लिहा.