इंग्रजीत प्रश्न विचारताना आधी डोकी मोजा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानात काम करणारा पोरगा माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येतो. परदेशातून आलेली एक मुलगी दुकानात चप्पल घालून बघत होती, तिचे वडील बाहेर दारात उभे होते. यानं विचारलं, "आर युवर फादर कमिंग इनसाइड?" तिला कळलं, चप्पलही खपली. पण ते वाक्य याच्या मनात सलत राहिलं. वर्गात आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, कायतरी चुकलंय बघा. कुठं, ते सांगा की."

चूक 'आर'मध्ये होती, आणि ती आपल्या घरच्या वळणातून आली होती. वडील 'आलेत', सर 'गेलेत', काकू 'बसल्यात'. माणूस एकच, पण मान द्यायचा म्हणून क्रियापद अनेकवचनी. यालाच आपण आदरार्थी बहुवचन म्हणतो. इंग्रजी क्रियापदाला वय, नातं, हुद्दा काही कळत नाही. ते फक्त डोकी मोजतं. वडील एक, म्हणून "इज युवर फादर कमिंग इनसाइड?" आई आणि वडील दोघं असतील तरच 'आर'.

माझ्या एका विद्यार्थिनीला आजीसाठी 'इज' म्हणताना फार अवघडल्यासारखं व्हायचं. आजीला अरे-तुरे केल्यासारखं वाटतं म्हणायची. मला तिचं पटतं. पण इंग्रजीत मान क्रियापदात नसतो. तो 'प्लीज'मध्ये, 'सर', 'मॅम'मध्ये आणि आवाजात ठेवायचा.

मग 'यू' एकट्या माणसालाही 'आर' का घेतो? हा प्रश्न दर बॅचला येतो आणि मला तो मनापासून आवडतो. जुन्या इंग्रजीत एकाला 'दाऊ' म्हणत, अनेकांना 'यू'. पुढं मान म्हणून एकालाही 'यू' म्हणू लागले, अगदी आपल्या 'तुम्ही'सारखं. सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' जवळजवळ गेला, 'यू' राहिला आणि त्याच्याबरोबर अनेकवचनी 'आर' राहिला. तेव्हा 'यू' म्हणजे 'तुम्ही' असं धरा. "तुम्ही आहात का?", "आर यू?" 'आहेस' तिथं नाहीच.

आता 'डू' आणि 'डज'. आधी साधं विधान तोंडात घोळवा: "धिस बस गोज टू रंकाळा." एक बस, म्हणून 'गोज'. त्याचा प्रश्न करताना मदतीला 'डज' येतो आणि शेवटचा 'स' तोच उचलतो. पिशवी एकच आहे. मदतनीसानं घेतली की मूळ क्रियापदाचे हात मोकळे: "डज धिस बस गो टू रंकाळा?" "डज धिस बस गोज" म्हणालात तर दोघांच्या हातात पिशवी आली. ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही होते, म्हणून पहिले पंधरा दिवस मी विधान आणि प्रश्न जोडीनंच म्हणून घेते, तेही मोठ्यानं.

'हू'नं कर्त्याचाच शोध घ्यायचा असेल तर मदतनीस लागत नाही. "हू वॉन्ट्स टी?" हात दहा वर आले तरी 'वॉन्ट्स'च.

खरी अडचण वस्तूंची आहे, कारण मोजायची आपली रीत वेगळी. केस आपल्याकडं अनेक, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून एक: "इज युवर हेअर वेट?" पैसे तसेच: "व्हेअर इज द मनी?" कात्री उलटी. आपली एकच कात्री, त्यांची दोन पात्यांमुळं अनेक: "व्हेअर आर द सिझर्स?" 'न्यूज'च्या शेवटी 'स' दिसतो म्हणून फसू नका: "इज द न्यूज ट्रू?" 'पोलीस' आपल्याकडं एकही असतो आणि अनेकही, इंग्रजीत मात्र अनेकवचनीच: "पोलीस आले का?", "आर द पोलीस हिअर?" अशा शब्दांसाठी वहीचं शेवटचं पान राखून ठेवा. नियम शोधत बसण्यापेक्षा शब्द भेटेल तसा प्रश्नासकट लिहा.

दुकानातल्या पोराला मी त्याच्याच मालावर सराव दिला. जोड हातात धरला की "आर दीज सँडल्स टू टाइट?" पण 'पेअर' शब्द आला की जोड एक: "इज धिस पेअर टू टाइट?" वस्तू तीच, क्रियापद बदललं. दोन दिवस तो चुकत राहिला. तिसऱ्या दिवशी आधी मनात कर्ता म्हणायचा, मगच तोंड उघडायचं, असं त्यानं स्वतःच ठरवलं. ही सवय मी आता सगळ्यांना लावते.

एवढं जमलं की लांबलचक कर्ता घ्या. "द प्राइस ऑफ दीज सँडल्स" यात सँडल्स अनेक आहेत, पण विचारणा किमतीची आहे आणि किंमत एक: "इज द प्राइस ऑफ दीज सँडल्स फिक्स्ड?" 'ऑफ' दिसला की बहुतेक वेळा त्याच्या आधीचा शब्द मोजायचा. "इज वन ऑफ युवर ब्रदर्स अ टीचर?" इथंही भाऊ कितीही असोत, मोजायचं 'वन'.