पेठेतल्या औषधविक्रेत्या नगरसेवकाचे चरित्र कसे लिहावे

कोल्हापुरात पेठेच्या कोपऱ्यावर औषधाचे दुकान चालवता चालवता नगरसेवक झालेल्या माणसाचे चरित्र लिहायला घ्याल, तेव्हा दुकान एका प्रकरणात आणि राजकारण दुसऱ्या, अशी त्याच्या आयुष्याची वाटणी करू नये. पावसाळ्यात एकाच गल्लीतून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांना आणि ओआरएसच्या पाकिटांना एकाएकी मागणी वाढली, की नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याची शंका काउंटरवरच्या माणसाला सर्वांआधी येते. ती शंका त्याने सभागृहात मांडली का, आणि मांडली तर पुढे काय झाले, हा शोध चरित्राचा कणा समजावा.

सुरुवात दुकानातल्या कागदांपासून करावी. परवाना दर्शनी भागात लावलेला असतोच. त्यासोबत फार्मासिस्ट म्हणून झालेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. जुन्या पिढीतल्या माणसाकडे पदविका नसली तर लगेच भुवया उंचावू नयेत, कारण 1948च्या फार्मसी कायद्याने पहिल्या नोंदवहीत किमान पाच वर्षे औषधे बनवण्याचा अनुभव असलेल्यांनाही जागा दिली होती. अशा माणसाला मिक्श्चरच्या बाटलीवर चिकटवायची कागदी पट्टी कापून दाखवायला सांगावे. पट्टीची घडी घालून कडेला कात्री लावायची, उलगडली की डोसाच्या खुणा तयार, मग डिंकाने ती बाटलीवर बसवायची. हे करता करता तो जितके बोलेल, तितके समोरासमोरच्या मुलाखतीत बोलणार नाही. उधारीची वही मिळाली तर जरूर वाचावी, मात्र कोणाचे नाव आणि कोणाचे औषध चुकूनही छापू नये.

सार्वजनिक कामाची पडताळणी अधिक कठोर हवी. ‘अण्णांनीच पेठेत पाणी आणले’ हे तालमीच्या कट्ट्यावर ऐकलेले वाक्य ठरावाचा क्रमांक, तारीख, सूचक आणि अनुमोदक सापडेपर्यंत वहीतच ठेवावे. नगरपालिकेची महानगरपालिका 15 डिसेंबर 1972 रोजी झाली, म्हणून कारकीर्द दोन्हींत पसरली असेल तर दोन्ही काळांतील इतिवृत्ते पाहावी लागतील. ती सहज मिळाली नाहीत तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी करवीर नगर वाचन मंदिरात करता येईल.

2005, 2019 आणि 2021च्या महापुरांत वीज गेली तेव्हा दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागणारे इन्सुलिन कुठे हलवले, हे आवर्जून विचारावे. पुरातल्या मदतीचे बाकीचे वर्णन चार ओळींत उरकले तरी चालेल.

हस्तलिखित घरच्यांना दाखवाल, तसे निवडणुकीत त्याच्याविरुद्ध लढलेल्यालाही दाखवावे. तारखा आणि मतांचा फरक या प्रतिस्पर्ध्याच्या अधिक पक्का लक्षात असतो.