डफल घेताना आधी ती उलटी करून बघा

बॅग घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा कापड चाचपतो. पण माझ्याकडे लालबागला दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक डफलांचं, म्हणजे लांबट मऊ प्रवासी बॅगांचं, कापड धडधाकट असतं. चेनचा रनर गेलेला असतो, पट्टा मुळातून उपटलेला असतो, नाहीतर आतलं कोटिंग सुटलेलं असतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, कापड शेवटी बघा.

दुकानातच बॅगेची आतली बाजू बाहेर काढा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. शिवणीच्या कडांना पायपिंग असेल, म्हणजे वरून पट्टी दुमडून शिवलेली असेल, तर ठीक. कडा उघड्या आणि दोरे लोंबत असतील तर बॅग खाली ठेवून पुढे चला. मग पट्टे बघा. हातात धरायचा पट्टा बाजूच्या शिवणीत नुसता कोंबून शिवलाय, की बॅगेच्या पोटाखालून फिरवून दुसऱ्या बाजूला वर आणलाय? पोटाखालून आलेला पट्टा ओझं स्वतः उचलतो, कापडावर येऊ देत नाही. जिथे पट्टा संपतो तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी, टोकांना दाट लॉक टाके हवेत. आता बॅगेत दुकानातल्याच चार-पाच बॅगा कोंबा आणि एकाच पट्ट्याला धरून हिसका द्या. तुम्ही दोन्ही पट्टे नीट धरून उचलाल हो, पण सुमोच्या टपावरून सामान खाली देणारा ड्रायव्हर किंवा हिमालयात खेचरावर बॅग बांधणारा माणूस हाताला लागेल ते ओढतो. आणि दादरला गर्दीत उतरताना रॅकवरची बॅग तुम्हीही तशीच ओढता!

चेनवर मात्र वेळ घालवा. रनर उलटा केला की मागे बऱ्याचदा नंबर कोरलेला असतो. मुख्य चेन ८ किंवा १० नंबरची हवी. ५ नंबर बाहेरच्या खिशाला चालतो, मोठ्या तोंडाला नाही. आकडा जितका मोठा, तितके दात रुंद. नायलॉनच्या गुंडाळीची चेन मला प्रवासासाठी बरी वाटते, कारण वळणावर ती वाकते आणि एखाद्या ठिकाणी उसवली तरी रनर मागेपुढे करून पुन्हा बसते. धातूची चेन दिसायला भारी, पण अलिबाग-मालवणच्या खाऱ्या हवेत गंजून अडकते. वायकेके या जपानी कंपनीची असेल तर उत्तमच, मात्र रनरवर ती अक्षरं नकली मालावरही असतात, तेव्हा हातानं पारखा. भरलेल्या बॅगेची चेन कोपऱ्यावरून एका हातानं फिरवा. तिथे अडखळली तर घरी आणल्यावर सुधारणार नाही. रनर झिजला तर घाबरू नका. तो एकटा बदलता येतो, आणि स्वस्तात. अख्खी चेन बदलायची म्हणजे अर्धी बॅग उसवावी लागते.

आता पाणी. ‘वॉटरप्रूफ’ ही चिठ्ठी शिवलेल्या बॅगेवर दिसली तर हसून सोडून द्या. जिथे सुई गेली तिथून पाणी शिरतं, चेनमधूनही शिरतं. शिवण आतून टेपनं बंद केलेली आणि चेनवर झाकण असलेली बॅग जुलैतल्या एसटी स्टँडपर्यंतची सर झेलते, तेवढं पुष्कळ. कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा म्हणजे झालं. होडीतून, कयाकमधून जाणार असाल तरच उष्णतेनं जोडलेल्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगेवर पैसे घाला. तिच्यावर आयपीएक्स७ लिहिलेलं असेल तर ती १ मीटर पाण्यात ३० मिनिटं राहिली तरी चालेल, असा त्याचा अर्थ. फक्त ती फाटली तर माझ्याकडे आणू नका. सुई लावली की नवी भोकं पडतात. तिला पॅच चिकटवावा लागतो.

मुंबईकरानं एक गोष्ट जास्त बघावी, ती म्हणजे कोटिंग. कापडाच्या आत पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, पातळ थर असतो. दमट, गरम हवेत तो रासायनिकरीत्या तुटत जातो, आधी चिकट होतो, मग आंबट वास मारतो, मग कपड्यांवर पांढरे पापुद्रे पडतात. बॅग न वापरताही हे होतं. दुकानातला जुना साठा सवलतीत मिळत असेल तर आत हात फिरवून नाक घाला. टीपीयूचा, म्हणजे त्याच जातीच्या दुसऱ्या प्लास्टिकचा, थर सहसा जास्त टिकतो, किंमतही जास्त. पीव्हीसीचं ताडपत्रीसारखं कापड पावसाला उत्तम आणि स्वस्त, पण वजनाला जड, आणि लडाख-स्पितीच्या थंडीत कडक होऊन घडीवर तडकू शकतं. कोकणापुरतं घ्या.

उरलं कापड. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे धाग्याची जाडी. ६०० पॉलिस्टर साध्या प्रवासाला पुरे. खडकावर, टपावर घासणार असेल तर ८४० किंवा १,००० डेनियरचं नायलॉन घ्या. त्याच जाडीच्या पॉलिस्टरपेक्षा ते घासणं जास्त सोसतं, मात्र पाणी जास्त पितं आणि उन्हात लवकर विटतं. तळाला दुहेरी कापड असलं तर कुठलंही चालेल.

आठवड्याच्या ट्रेकला ६० लिटर बस्स. ९० ची घेतली की माणूस ती भरतोच, आणि मग कुर्ल्याच्या पुलावर तीच बॅग खांद्यावर घेऊन चढावं लागतं. चाकं नकोत, दगडधोंड्यांत त्यांचं फक्त वजन वाहायचं.

समुद्रावरून आलात तर चेन गोड्या पाण्यानं धुवा, सुकल्यावर दातांवर मेणबत्ती फिरवा. आणि पावसाळ्यात बॅग घडी घालून माळ्यावर फेकू नका. चेन उघडी ठेवून खुंटीला टांगा; जागा नसेल तर पलंगाखाली सपाट ठेवा, पण ओली नको.