पावसाळ्यातले सूर्यग्रहण : २ ऑगस्ट २०२७ ची तयारी कशी करावी

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावस्या, म्हणजे आपली दिव्यांची अवस. त्या दिवशी चंद्राची गडद सावली दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन अशी सरकत हिंदी महासागरात उतरेल. इजिप्तमधल्या लक्सरच्या परिसरात सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला राहील. कमाल अवधी आहे ६ मिनिटे २३ सेकंद. या शतकात याहून लांबलेले खग्रास ग्रहण एकच झाले, २२ जुलै २००९ चे. तेव्हा सुरतेत जमलेल्या अनेकांच्या वाट्याला ढगच आले होते.

महाराष्ट्र आणि गोव्यातून २०२७ चे हे ग्रहण खंडग्रास, म्हणजे सूर्याचा काही भागच झाकलेला, असे दिसणार आहे. मुंबई-पुण्याकडे ते दुपारी चारच्या थोडे आधी लागेल, पावणेपाचच्या सुमारास मध्य होईल आणि साडेपाचनंतर थोड्याच वेळात सुटेल. मध्याच्या वेळी मुंबईत बिंबाचा निम्म्याहून थोडा कमी व्यास झाकलेला असेल, गोव्यात त्याहून जरा जास्त, नागपूरकडे बराच कमी. गावोगावच्या वेळा काही मिनिटांनी पुढेमागे होतात. तुमच्या शहराची नेमकी वेळ जवळ आल्यावर पंचांगात किंवा कोलकात्याच्या पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटरच्या माहितीत पाहून घ्या.

खंडग्रास आहे म्हणजे आपल्याकडे त्या दुपारी ग्रहण बघायचा खास चष्मा काढून सूर्याकडे बघण्याजोगा एकही क्षण येणार नाही. खग्रासच्या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकला गेला की तेवढी मिनिटे उघड्या डोळ्यांनी बघता येते. ते वाचून किंवा व्हिडिओत बघून इथे कुणी तसे करू नये, म्हणून हे आधीच सांगतो.

चष्मे आधी आणा

ग्रहणाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर जे मिळेल ते घेण्यापेक्षा दोन-तीन महिने आधी, खगोल मंडळाकडून, विज्ञान केंद्रातून किंवा खात्रीच्या विक्रेत्याकडून चष्मे घ्या. त्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक छापलेले असावे. पण छापणे सोपे असते, म्हणून घरी तपासा. चष्मा लावून खोलीभर नजर फिरवा. फर्निचर, खिडकी, माणसे, काहीही दिसता कामा नये. प्रखर दिवा अगदी जवळून फार तर मिणमिणता दिसेल. मग तोच चष्मा दिव्यासमोर धरून पडद्यावर टाचणीएवढे भोक, चरा किंवा घडी आहे का बघा. असेल तर कात्रीने कापून टाका, म्हणजे घरातले दुसरे कुणी तो वापरणार नाही. चांगला गाळणपडदा सूर्याच्या प्रकाशातला साधारण लाखातला एक भागच आत सोडतो, आणि ही परीक्षा त्यासाठीच आहे.

गॉगल चालत नाही, दोन गॉगल एकावर एक घातले तरी चालत नाहीत. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांतून सूर्य सुसह्य दिसतो आणि तिथेच फसगत होते. त्यांतून न दिसणारी अवरक्त किरणे आत येऊ शकतात. परातीतल्या पाण्यात, मग ते हळदीचे असो की शेणाचे, ग्रहण बघायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. पाण्यातले प्रतिबिंब मंद असते हे खरे, पण डोळ्याला हवे त्याच्या आसपासही मंद नसते. आजी परात मांडणार असेल तर तिला आपला चष्मा द्या आणि शेजारी बसून वर बघायला लावा. वेल्डिंगची काच वापरायची तर १४ नंबरचीच घ्या. दुकानात सहज मिळणाऱ्या कमी नंबरच्या काचा नकोत.

जागा बघून ठेवा

मध्याच्या वेळी मुंबईत सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर असेल. हात समोर ताणून वळलेली मूठ साधारण दहा अंश मापते. म्हणजे क्षितिजावर मुठी एकावर एक रचल्या की तीन मुठींच्या थोडे वर. ग्रहण लागताना सूर्य साडेचार मुठींवर असेल, सुटताना दोन मुठींवर. जुलैच्या शेवटी गच्चीवर किंवा मैदानात उभे राहून पश्चिमेकडे हे माप लावा. समोरची इमारत, आंब्याचे झाड, पाण्याची टाकी आड येत असेल तर ते तेव्हाच कळेल.

ढगांचे काय, हा मात्र खरा प्रश्न आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोकण आणि घाटमाथा हमखास भरलेला असतो. लोणावळा, महाबळेश्वरला जाऊन ग्रहण बघायचा बेत करू नका. सह्याद्री ओलांडून पर्जन्यछायेत गेलात तर संधी वाढते: माण-खटाव, बारामती, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, करमाळा, सोलापूर. कोकणापेक्षा तिथे बिंब थोडे कमी झाकले जाईल, पण ढगाआडच्या मोठ्या ग्रहणापेक्षा दिसलेले लहान ग्रहण केव्हाही बरे. जायचे तर सकाळी लवकर निघा. पावसात घाट उतरताना घाई नको.

याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी दुर्बिणी लागल्या होत्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवाला तिथे निरीक्षणाला गेले होते आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे पथकही आले होते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा तळ विजयदुर्गला होता. त्यांच्या नशिबाला जानेवारीचे कोरडे आकाश होते, आपल्याला श्रावणाच्या तोंडावरचे आहे.

ढगाळ सूर्याचा धोका

या ग्रहणात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती विरळ ढगांची. पातळ ढग सूर्यावर आला की बिंब पांढऱ्या चकतीसारखे दिसते, डोळ्याला टोचत नाही, आणि कोर नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसते. त्याच वेळी चष्म्यातून मात्र सगळा काळोख असतो. मग माणूस आपोआप चष्मा कपाळावर सरकवतो. ढगाची जाडी क्षणाक्षणाला बदलते. तो विरतो तेव्हा तुम्ही टक लावून बघत असता, आणि सूर्य पूर्ण ताकदीने डोळ्यात शिरतो.

डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. जळताना काहीच दुखत नाही. त्रास काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात येतो: वाचताना मधलेच अक्षर गायब, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर मधोमध डाग, सरळ रेघ वाकडी. काहींची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. म्हणून ढगांसाठी एकच नियम ठेवा. चष्म्यातून बिंब दिसत नसेल तर त्या वेळी ग्रहण बघायचे नाही, ढग सरकेपर्यंत थांबायचे. मुलांना हे आधी समजावून सांगा आणि त्या दोन तासांत प्रत्येक लहान मुलामागे एक मोठे माणूस ठेवा.

बघायचे कसे

आधी मान खाली घाला, चष्मा लावा, मग वर बघा. काही सेकंद बघून पुन्हा मान खाली, मग चष्मा काढा. नंबरचा चष्मा असेल तर ग्रहणचष्मा त्याच्यावरून. हा चष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून कधीही बघू नका. भिंगे प्रकाश एकवटतात, त्या उष्णतेने गाळणपडदा वितळतो आणि मागे डोळा असतो. दुर्बिणीला सौर फिल्टर लावायचा तो सूर्याकडच्या तोंडाला, आणि घट्ट.

चंद्र सूर्याच्या खालच्या कडेपासून आत शिरेल. मध्याला खाच डाव्या-खालच्या बाजूला दिसेल आणि मग डावीकडून ती निघून जाईल. दर दहा मिनिटांनी कागदावर वर्तुळ काढून त्यात खाच रेखाटा. मुलांना यात फार रस वाटतो आणि वर बघण्याचा वेळही आपोआप कमी राहतो.

चष्मे कमी पडले तर सूर्याकडे पाठ करा. पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा आणि त्यातून येणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर घ्या. कागदावर पडणारी सूर्याची प्रतिमा अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाएवढी असते, म्हणजे एक मीटरवर जेमतेम नऊ मिलिमीटर. ती उलटी असते, म्हणून सूर्याची खालची खाच कागदावर वर दिसेल. चाळणीची, झाऱ्याची सावली धरा, प्रत्येक भोकातून एकेक खाच पडलेला सूर्य उतरेल.

शाळेसाठी किंवा सोसायटीसाठी मला आरशाची युक्ती सगळ्यात आवडते. छोटा आरसा काळ्या कागदाने झाका आणि मधोमध पेन्सिलीच्या जाडीएवढे गोल भोक ठेवा. हा आरसा प्लॅस्टिकच्या चेंडूवर चिकटवा आणि चेंडू बांगडीवर किंवा वाटीच्या कडेवर बसवा, म्हणजे हवा तसा फिरवून स्थिर ठेवता येतो. अंगणात ठेवून कवडसा समोरच्या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर टाका. दहा मीटरवर सुमारे नऊ सेंटिमीटरचा सूर्य मिळतो आणि अख्खा वर्ग एकदम बघतो. आरशात मात्र कुणी डोकावू नये. त्याच्याभोवती खुर्च्या लावून वाट अडवा.

घरातले प्रश्न

वेध पाळायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण गरोदर बाईने अंधाऱ्या खोलीत पडून राहावे, भाजी चिरू नये, पाणीही पिऊ नये, असे तिच्यावर लादू नका. ग्रहणाने बाळाला इजा होते याला काहीही आधार नाही, आणि तासन् तास उपाशी-तहानेले राहण्याचा त्रास मात्र खरा असतो. तिला सावलीत खुर्ची द्या, पाणी द्या, चष्मा द्या. ग्रहण सूर्यास्ताच्या बरेच आधी सुटते, त्यामुळे संध्याकाळची दिव्यांची पूजा नेहमीच्या वेळी होईल.

जेद्दा आणि मक्का खग्रास पट्ट्यात येतात. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांना आत्ताच कळवा. सूर्याचा शेवटचा ठिपका विझला की चष्मा काढायचा आणि पहिला ठिपका उजळताच पुन्हा लावायचा, हेही सांगा. लक्सरला जायचे असेल तर राहण्याची सोय फार लवकर करा, आणि ऑगस्टमधल्या तिथल्या उन्हाचा विचार करून ज्येष्ठांना न्या.

ग्रहणानंतर दोन-तीन दिवसांत कुणालाही नजरेत डाग, धूसरपणा किंवा रंगांत फरक जाणवला तर एक-एक डोळा झाकून तपासा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा, घरगुती थेंब टाकत बसू नका. चष्मे न चुरगाळलेले असतील तर पाकिटात सपाट ठेवा: २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती, म्हणजे सूर्य बांगडीसारखा उरणारे, ग्रहण दिसणार आहे आणि २० मार्च २०३४ ला खग्रासचा पट्टा लडाख-काश्मीरवरून जाणार आहे. तेव्हा पुन्हा वापरण्याआधी दिव्यासमोरची परीक्षा परत घ्या.