इंग्लंडमधील खेड्याचा इतिहास जमिनीवरून कसा वाचावा

यॉर्कशरमध्ये वोल्ड्स नावाच्या खडूच्या टेकड्या आहेत. त्यांत, मॉल्टन या बाजारगावापासून आग्नेयेला काही मैलांवर, व्हॅरम पर्सी हे उजाड गाव आहे. छप्पर नसलेले चर्च, त्याच्या खालच्या अंगाला एक तळे, जुन्या बैठ्या घरांची एक ओळ आणि वर पठारावर गवताखाली दबलेले उंचवटे, एवढेच तेथे आज दिसते. तरीही इंग्लंडमधल्या मध्ययुगीन खेड्यांपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासलेले गाव कोणते असे विचारले, तर याच गावाचे नाव घ्यावे लागते. अर्थेतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड यांनी 1950 मध्ये येथे खणायला सुरुवात केली, लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले आणि ते काम 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात चालत राहिले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला आपण राहतो त्या किंवा शेजारच्या खेड्याचा इतिहास शोधायचा असेल, तर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोठे थांबावे, हे या गावाचा आधार घेत सांगता येते.

सुरुवातीलाच एक समज बाजूला ठेवावा लागतो. हिरवळीभोवतीची घरे, चर्च आणि तळे पाहून हे सगळे हजार वर्षांपासून असेच असावे असे वाटते. प्रत्यक्षात इंग्लंडमधले खेडे सरकत असते. ते एका टोकाला वाढते, दुसऱ्या टोकाला विरळ होते, कधी एखाद्या जमीनदाराच्या इच्छेने नव्याने आखले जाते आणि कधी पूर्ण मोडते. मध्ययुगात नांदती असलेली आणि पुढे ओस पडलेली सुमारे 3000 गावे त्या देशात मोजली गेली आहेत. म्हणून शोध घेताना ‘हे किती जुने’ या प्रश्नाबरोबरच ‘येथे पूर्वी काय होते, जे आता नाही’ हा प्रश्नही विचारावा.

नकाशापासून सुरुवात

फावडे हातात घेण्यापूर्वी काही आठवडे नकाशांना द्यावेत. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे एकोणिसाव्या शतकातले सहा इंची नकाशे, म्हणजे प्रत्यक्षातला एक मैल कागदावर सहा इंचांत दाखवणारे नकाशे, इंटरनेटवर मोफत पाहता येतात आणि त्यांत प्रत्येक शेत, विहीर व पाऊलवाट दिसते. त्याआधीच्या काळासाठी दशमांश कराचे नकाशे पाहावेत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला धान्याच्या रूपात देण्याची जुनी रीत 1836 च्या कायद्याने रोख आकारणीत बदलली आणि त्यासाठी हजारो पॅरिशांचे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या प्रदेशांचे, नकाशे तयार झाले. नकाशासोबतच्या यादीत प्रत्येक तुकड्याचा मालक, कसणारा, क्षेत्रफळ आणि बहुतेक वेळा शेताचे नावही असते. आपल्याकडे सातबारा वाचणाऱ्याला ही यादी परकी वाटणार नाही. शेताच्या नावात जुनी गढी, गिरणी किंवा मोडलेली वस्ती यांची आठवण टिकलेली असते, त्यामुळे नावे एकेक करून उतरवून घ्यावीत.

नकाशावर सरळ रेषा आणि वाकड्या रेषा वेगळ्या रंगांनी ओढून पाहाव्यात. पट्टीने आखल्यासारखी कुंपणे आणि दोन्ही बाजूंना गवताचा रुंद पट्टा असलेले सरळ रस्ते दिसले, तर ती बहुधा सामाईक शेते वाटून बंदिस्त करण्याच्या मोहिमेची खूण असते. हे काम संसदेच्या कायद्यांनी मुख्यतः 1750 ते 1850 या काळात झाले. ज्या वाटा आणि बांध त्या आखणीला न जुमानता वळणे घेत जातात, ते सहसा त्याहून जुने असतात.

जमिनीवर चालताना

पाहणीसाठी हिवाळ्यातली सकाळ किंवा दुपार उतरतानाची वेळ निवडावी. गवत खुरटलेले असते, सूर्य क्षितिजाजवळ असतो आणि पाच-सहा इंचांच्या उंचवट्याचीही लांब सावली पडते. हीच जमीन जूनमध्ये भर दुपारी पाहिली तर सपाट कुरण वाटते. ज्यांना प्रत्यक्ष जाता येत नाही त्यांनी विमानातून लेसर सोडून केलेल्या भूपृष्ठाच्या मोजणीची चित्रे पाहावीत. इंग्लंडची पर्यावरण संस्था ही माहिती मोफत उपलब्ध करून देते आणि झाडीखालचे उंचसखलपणही तीत उमटते.

तीन गोष्टी ओळखायला शिकल्या की बरेच काम होते. पहिली म्हणजे खोल गेलेली वाट. पायांनी, खुरांनी आणि चाकांनी शतकानुशतके झिजलेला रस्ता दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा खाली जातो, आणि गाव उठले तरी ती घळ राहते. दुसरी म्हणजे या वाटेच्या कडेने ओळीत असलेले चौकोनी चौथरे. पुढे घराची जागा, मागे परसाचा लांब पट्टा आणि सभोवार बुटका बांध, अशी रचना व्हॅरम पर्सीच्या पठारावर स्पष्ट दिसते. एकाच रुंदीची अशी परसे रांगेने लागलेली असतील, तर ती जागा कोणीतरी एका वेळी मोजून वाटली असावी अशी शंका घ्यावी.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत सुंदर आहे. ती म्हणजे मध्ययुगीन शेतीचे सरी-वरंबे. त्या काळचा नांगर माती एकाच बाजूला पालथी करत असे, आणि शेतकरी पट्ट्याभोवती फेऱ्या घालत नांगरत असल्यामुळे माती दर वर्षी मध्याकडे सरकून रुंद वरंबा तयार होई. हे वरंबे आपल्या उसाच्या सरीसारखे हातभर रुंदीचे नसतात, कित्येक मीटर रुंद असतात. वरून पाहिले तर ते सरळही नसतात, उलट्या एस अक्षरासारखा मंद बाक घेतात, कारण बैलांच्या लांबलचक जोडणीला पट्ट्याच्या टोकाला वळायला जागा लागे आणि नांगऱ्या आधीपासूनच तिरपा होत जाई. बैलांचे ते वळण सात-आठशे वर्षांनंतरही गवतात उमटलेले पाहताना थांबावेसे वाटते. आपल्या तोंडी असलेला फर्लांग हा शब्द याच शेतांतून आला आहे. त्याचा मूळ अर्थ नांगराने पाडलेल्या एका चरीची लांबी असा आहे. 220 यार्डांचा फर्लांग लांब आणि 22 यार्ड रुंद असा पट्टा म्हणजे बरोबर एक एकर, आपल्या हिशेबाने 40 गुंठे. क्रिकेटची खेळपट्टीही त्याच 22 यार्डांची असते.

असे वरंबे मिडलंड्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या मध्य भागातल्या, कुरणांत चांगले टिकले आहेत. जेथे पुढे यंत्राने खोल नांगरट झाली तेथे ते पुसले गेले. पण अशा शेतांतही कोरड्या उन्हाळ्यात पीक बोलते. बुजलेल्या खंदकावरच्या खोल, ओलसर मातीत पीक जास्त काळ हिरवे व उंच राहते, तर गाडलेल्या भिंतीवर ते लवकर पिवळे पडते. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात अशा खुणा देशभर मोठ्या संख्येने दिसल्या.

चर्चच्या भिंतीसमोर

खेड्यात बहुधा सर्वांत जुनी उभी इमारत चर्चची असते, म्हणून तिच्यासमोर निदान एक तास काढावा. आत जाण्यापूर्वी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घालावी आणि भिंतीतले सांधे शोधावेत. दगडाचा रंग किंवा घडाई कोठे बदलते, खिडकी कोणत्या भिंतीत नंतर घुसवली आहे, कमान कोठे बुजवली आहे, याचे हातानेच कच्चे रेखाटन करावे. रेखाटताना जे दिसते ते छायाचित्र काढताना निसटते.

व्हॅरम पर्सीचे सेंट मार्टिन चर्च यासाठी आदर्श आहे. उत्खननात त्याचा सर्वांत जुना टप्पा लहानशा लाकडी इमारतीचा असल्याचे दिसले. त्यानंतर दगडी इमारत झाली आणि बाराव्या-तेराव्या शतकांत गाव भरभराटीला आले तशा तिला दोन्ही अंगांनी पडव्या जोडल्या गेल्या. पुढे वस्ती घटली, एवढ्या जागेची गरज उरली नाही, तेव्हा त्या पडव्या पाडून त्यांच्याकडे उघडणाऱ्या कमानी दगडांनी बुजवण्यात आल्या. आज भिंतीसमोर उभे राहिले की खांब आणि कमानीचा अर्धगोल भिंतीतच रुतलेला दिसतो, आणि मधल्या भरावात बसवलेली खिडकी दिसते. गाव वाढले आणि आटले, हे सांगणारा याहून बोलका पुरावा कागदात मिळणे कठीण आहे. गाव उठल्यावरही हे चर्च पॅरिशमधल्या इतर वस्त्यांसाठी वापरात राहिले, आणि येथील शेवटची उपासना 1949 मध्ये झाली. चर्च आणि त्याच्या आवारातून सुमारे 700 सांगाडे अभ्यासासाठी मिळाले. त्यांच्या हाडांतील नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, येथील माता मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत असत असे दिसून आले. कोणत्याही दफ्तरात न नोंदलेली ही गोष्ट मातीने जपून ठेवली होती.

कागद आणि त्यांच्या मर्यादा

1086 चे डूम्सडे बुक प्रत्येक जण प्रथम उघडतो आणि उघडावेही. पण ती लोकसंख्येची गणना नव्हे, महसुलाच्या हक्कांची नोंद आहे. तीत कुटुंबप्रमुख, नांगर आणि गिरण्या मोजलेल्या असतात, आणि एका नावाखाली कधी अनेक वाड्या लपलेल्या असतात. गावाचे नाव तीत नाही म्हणून गाव नव्हते, असा निष्कर्ष काढू नये. त्यानंतर 1334 ची करआकारणी, 1377 पासूनचा डोईपट्टीचा कर, 1538 पासून ठेवलेल्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या चर्चनोंदी आणि 1662 ते 1689 या काळातला चुलींवरचा कर, या क्रमाने खाली यावे. न्यायालयीन कागद 1733 पर्यंत लॅटिनमध्ये आहेत आणि सोळाव्या-सतराव्या शतकांतली इंग्रजी लिखावटही सवयीशिवाय लागत नाही. ज्यांनी मोडीचा अभ्यास केला आहे त्यांना ही मेहनत कशी असते ते ठाऊकच आहे. नॅशनल अर्काइव्ह्ज या संस्थेने ही अक्षरे शिकवणारे मोफत पाठ इंटरनेटवर ठेवले आहेत.

येथेच एका मोठ्या मोहापासून सावध राहावे. ओस पडलेले गाव दिसले की 1348-49 च्या प्लेगकडे बोट दाखवले जाते. व्हॅरम पर्सीच्या बाबतीत तसे घडले नाही. प्लेगनंतरही तेथे घरे नांदती होती, आणि शेवटची कुटुंबे सुमारे 1500 मध्ये उठवली गेली. 1517 च्या सरकारी चौकशीत तेथे चार घरे मोडली आणि चार नांगर बंद पडले असे नोंदलेले आहे. लोकरीला चांगला भाव होता, मेंढपाळीला मजूर कमी लागत, त्यामुळे जमीनदाराला नांगरापेक्षा मेंढी परवडत होती. गाव का उठले याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी नव्याने शोधावे लागते.

खड्डा घेण्याची वेळ

नांदत्या खेड्यात मोठे उत्खनन शक्य नसते, पण घरामागच्या बागेत एक मीटर लांबी-रुंदीचा चाचणी खड्डा घेता येतो. जागामालकाची लेखी परवानगी घ्यावी, खालून जाणाऱ्या वीज-पाण्याच्या वाहिन्यांची खात्री करावी आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पुरातत्त्व अधिकाऱ्याला कळवावे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणे किंवा धातुशोधक यंत्र नुसते चालवणेही 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. मानवी हाड दिसले तर काम तत्काळ थांबवून पोलिसांना कळवावे. सोन्या-चांदीची जुनी वस्तू मिळाली, तर 1996 च्या कायद्याप्रमाणे 14 दिवसांत त्या भागातील कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे.

हिरवळ चौकोनी तुकड्यांत कापून बाजूला सावलीत ठेवावी. मग थापीने आणि लहान कुदळीने 10 सेंटिमीटरचा एकेक थर काढावा आणि त्याची सगळी माती चाळणीतून घालावी. प्रत्येक थराची पिशवी वेगळी, तिच्यावर खड्ड्याचा क्रमांक व खोली लिहिलेली. एकदा दोन थरांच्या पिशव्या मिसळल्या की त्या खड्ड्याचा पुरावा कायमचा गेला. वरच्या थरांत निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या बशीचे तुकडे आणि मातीच्या चिलमी मिळणे अपेक्षित असते. चिलमीची वाटी लहान असेल तर ती जुनी समजावी, कारण तंबाखू स्वस्त होत गेली तशी वाटी मोठी झाली. खाली हिरवट झिलईची आणि त्याहून ओबडधोबड, खरखरीत खापरे येतात. खापर मऊ ब्रशने धुऊन, सावलीत वाळवून तज्ज्ञाकडे न्यावे, स्वतः काळ ठरवण्याची घाई करू नये. कोणत्याही काळाची एकदोनच खापरे मिळाली तर ती शेणखताबरोबर शेतात पडलेली असू शकतात. ती भरपूर आणि धारदार कडांची असतील, तर जवळ घर होते असे म्हणता येते. तळाशी मानवाचा हात न लागलेली जमीन लागली, किंवा खोली 1.2 मीटर झाली, की थांबावे, कारण त्यापुढे कडा ढासळण्याचा धोका असतो.

एका खड्ड्यावरून गावाचा इतिहास कळत नाही. गावभर वीस-तीस खड्डे झाले, आणि प्रत्येक शतकाची खापरे कोठे मिळाली याचे वेगवेगळे नकाशे काढले, की वस्तीचे सरकणे डोळ्यांपुढे येते. पुरातत्त्वज्ञ कॅरेन्झा लुईस यांनी पूर्व इंग्लंडमधील 55 वस्त्यांत गावकरी आणि शाळकरी मुलांकडून सुमारे 2000 असे खड्डे करवून घेतले. प्लेगच्या आधीच्या आणि नंतरच्या खापरांची तुलना करता वापरात सुमारे 45 टक्के घट दिसली. व्हॅरम मोडण्याचे कारण प्लेग नसला तरी त्या साथीचा घाव किती खोल होता, ते परसबागांतल्या या लहान खड्ड्यांनी दाखवले.

खड्डा त्याच मातीने भरावा, हिरवळ परत बसवावी आणि त्याच आठवड्यात अहवाल लिहायला बसावे. रेखाटने, थरांची मापे, खापरांची यादी आणि खड्ड्याचे नकाशावरील अचूक स्थान असलेली एक प्रत काउंटीच्या पुरातत्त्व नोंदणी कार्यालयाकडे द्यावी. ज्या खड्ड्यात काहीच सापडले नाही, त्याचाही अहवाल तितक्याच काळजीने लिहावा, कारण पुढे कोणी त्या गावाची जुनी हद्द आखेल तेव्हा वस्ती कोठे नव्हती हे त्याला तेथूनच कळणार आहे.