आउट-ऑफ-स्टेट कॉलेज ठरवताना या चुका टाळा

एप्रिल लागला की अमेरिकेतल्या आमच्या मंडळातल्या आईबाबांचे फोन सुरू होतात. मुलाला दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात ॲडमिशन मिळालेली असते, १ मेपर्यंत डिपॉझिट भरायचं असतं आणि विचारायचं असतं, त्या राज्यातल्या रहिवाशांच्या इन-स्टेट फीपेक्षा एवढी जास्त फी भरावी का? उत्तर घरागणिक बदलतं, चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडते ती ही: "पहिलं वर्ष कसंही काढू, दुसऱ्या वर्षापासून इन-स्टेट फी लागेल." न्यू जर्सीतल्या एका ओळखीच्या कुटुंबानं याच भरवशावर मुलीला मिडवेस्टमध्ये पाठवलं. तिथं घर भाड्यानं घ्या, लायसन्स बदला, झालं काम, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मुलीनं सगळं मनापासून केलं. उन्हाळ्यात घरीही आली नाही, तिथेच कॅफेत काम केलं. अर्जाला भाडेकरार, लायसन्स, पगाराच्या स्लिपा जोडल्या. पण फॉर्ममध्ये आईवडिलांचा टॅक्स रिटर्नही मागितला होता. त्यावर पत्ता न्यू जर्सीचा आणि मुलगी डिपेंडंट. अर्ज नामंजूर. पुढची तीन वर्षं पूर्ण फी भरली, त्यासाठी वडिलांनी घरावर कर्ज काढलं.

बहुतेक राज्यांत आईवडिलांवर अवलंबून असलेलं मूल त्यांच्याच राज्याचं धरतात, आणि शिकायला म्हणून काढलेले महिने रहिवासात मोजत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात, म्हणजे यूसीमध्ये तर आईवडील राज्याबाहेर असतील आणि मूल २४ वर्षांखालचं असेल, तर ते स्वतःच्या पैशांवर जगतंय हे सिद्ध करावं लागतं. म्हणून मी हिशेब चारही वर्षं आउट-ऑफ-स्टेट धरूनच मांडते. हे लोकांना आवडत नाही. त्यांना झटपट वाट हवी असते, आणि तशी वाट सांगणारे ती फी भरायला येत नाहीत.

दुसरी चूक ऑफर लेटर वाचण्यातली. त्यात स्कॉलरशिप आणि कर्ज एकाखाली एक छापलेलं असतं, लोक सगळंच फीतून वजा करतात. कर्ज वजा करायचं नसतं, फेडायचं असतं! मुलाच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर मिळतं, चार वर्षांत २७,०००. बाकीचं पालकांच्या नावावर येतं. तिथेही जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. मी लेटरवर कर्जाच्या ओळी लाल पेनानं खोडते, उरलेल्या आकड्याची चार वर्षांची बेरीज करते, विमानाची तिकिटं धरते आणि मगच इन-स्टेट कॉलेजशी तुलना करते. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (सरासरी गुण) लागतो, तेही त्याच कागदावर लिहिते.

आउट-ऑफ-स्टेट म्हणजे सगळीकडे सारखाच भाव, हाही गैरसमज. २०२५-२६ मध्ये नव्यानं दाखल होणाऱ्यांना यूसीत नेहमीच्या फीवर ३७,६०२ डॉलर जादा होते. उलट इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाची बाहेरच्यांची ट्यूशन (शिकवण्याची फी) गेली दहाहून जास्त वर्षं २८,८०० च्या आसपास थांबलेली आहे.

पश्चिमेकडच्या राज्यांत राहणारे डब्ल्यूयूई, म्हणजे त्या राज्यांमधली सवलतीच्या फीची योजना, बघतच नाहीत. त्यात सहभागी कॉलेजांमध्ये इन-स्टेटच्या दीडपटीपेक्षा जास्त ट्यूशन लागत नाही. मात्र तुमचा विषय त्यात आहे का, ते आधी विचारा.

"आधी ॲडमिशन घेऊ, कॉम्प्युटर सायन्स नंतर मिळवू" या आशेवर तर बाहेरची फी कधीच भरू नका. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात थेट त्या विषयात प्रवेश नसेल, तर नंतर जागा फार थोड्या उरतात.

एच-४ वर (आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असलेल्या मुलांना सरकारी कर्ज मिळत नाही. शिवाय २१ व्या वर्षी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं, तर काही ठिकाणी स्वतःच्या राज्यातलाही इन-स्टेट दर्जा जाऊ शकतो. डिपॉझिट भरण्याआधी स्वतःच्या आणि बाहेरच्या राज्यातल्या, दोन्ही विद्यापीठांच्या रेसिडेन्सी (रहिवास ठरवणाऱ्या) ऑफिसला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.